गॅलरीतली झोप

फरीदाबादच्या त्या बॅडमिंटन हॉलच्या गॅलरीत जाऊन बसलं की लतिकाला हमखास झोप लागायची. साधी डुलकी नव्हे. चांगली मान टाकून, पर्स मांडीवरून घसरली तरी पत्ता नाही अशी. आणि ती एकटी नव्हती. खाली चार कोर्टांवर पोरं घाम गाळायची आणि वर बाकांवर त्यांचे आईबाप एकमेकांच्या खांद्यावर कलंडलेले असायचे. कोणी बँकेतलं, कोणी कारखान्यातलं, कोणी तिच्यासारखं दिल्लीच्या सरकारी कचेरीतून थेट मेट्रोने आलेलं. जाग आली की सगळे ओशाळं हसायचे. "क्या करें जी, चैन की नींद यहीं तो आती है," असं शेजारच्या बाकावरच्या सेठीबाई रोज म्हणायच्या आणि रोज ते सगळ्यांना पटायचं.

न पटायला काय झालं? लतिकाचा नवरा, सुधन्वा, बदली होऊन विशाखापट्टणला. घरात सासरे आणि चौदा वर्षांची संपदा. सकाळी डबे, दिवसभर कोपर्निकस मार्गाजवळच्या ऑफिसात फायली आणि साहेबांच्या मूडचे चढउतार, संध्याकाळी मंडी हाउसला मेट्रो पकडायची ती उभ्यानेच फरीदाबाद गाठायचं. त्यात नोव्हेंबर महिना. दिल्लीचा नोव्हेंबर म्हणजे सकाळी खिडकी उघडावी तर समोरची इमारत गायब, घसा सतत खरखरलेला, आणि डोळे कांदा चिरल्यासारखे. थकव्याला कारण शोधायला जावं लागत नव्हतं. कारणंच दारात रांग लावून उभी होती.

हॉल म्हणजे खरं तर जुन्या कारखान्याची शेड. पूर्वी तिथे टेबलफॅन तयार व्हायचे म्हणे. आता तिथे एकही पंखा फिरत नव्हता, ही गंमत तेव्हा कोणाच्या लक्षात आली नव्हती. कोच चेतनाने ती शेड भाड्याने घेऊन तिचा हॉल केला होता. चेतना एके काळी हरियाणाकडून खेळलेली, मग गुडघा गेला. हाडाची प्रामाणिक बाई, पण पालकांपुढे तिचं काही चालायचं नाही. दिवाळीनंतर धूर दाटला तसे सगळे पालक तिच्या मागे लागले, की बाहेरची हवा आत येता कामा नये. लतिकाचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता. मग चेतनाने दारांना रबराच्या पट्ट्या लावल्या, फटी टेपने बुजवल्या, कोपऱ्याकोपऱ्यात हवा गाळणारी मोठी यंत्रं आणून ठेवली. दारातच एक पाटी लागली, तिच्यावर आतल्या धुळीचा आकडा हिरव्या अक्षरांत लकाकायचा. बाहेर मोबाइलवर लालभडक आकडा आणि आत हिरवा. पालक त्या पाटीसमोर देवासमोर थांबावं तसे क्षणभर थांबूनच वर जायचे.

भिंतीत आतली हवा बाहेर फेकणारे मोठे पंखे होते, ते चेतनाने आधीपासूनच बंद ठेवले होते. शटलचं वजन ते किती. वाऱ्याची झुळूक आली तरी ते भलतीकडे वाहवतं. कुठल्याही बॅडमिंटनच्या हॉलमध्ये पहिला हुकूम तोच असतो, पंखे बंद करा.

राहता राहिल्या गॅलरीच्या मागच्या भिंतीतल्या लोखंडी झडपा. त्या भाऊसाहेबांनी बंद केल्या.

भाऊसाहेब म्हणजे लतिकाचे सासरे. सगळी नोकरी दिल्लीत झाली, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये संसार झाला, निवृत्तीनंतर फरीदाबादला फ्लॅट घेतला. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या पत्नी, इंदुमती, गेल्या आणि त्यांच्याबरोबर भाऊसाहेबांची झोप गेली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, पायाला तेल लावून झालं. घरात त्यांच्या सपातांचा आवाज रात्रभर फिरत राहायचा. लतिका तो ऐकत पडायची. उठून काही बोलावं तर काय बोलणार, म्हणून कूस बदलायची.

लतिका ऑफिसातून यायच्या आत संपदाला ई-रिक्षातून हॉलवर आणायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. पहिल्याच दिवशी गॅलरीत बसले आणि मागच्या झडपांतून गार वारं थेट मानेवर. कानटोपी घातलेली असूनही ते अस्वस्थ झाले. "कानाला वारं लागलं की संपलं," हे त्यांचं आयुष्यभराचं शास्त्र. दुसऱ्या दिवशी येताना ते मराठी मंडळाच्या वाचनालयातले जुने अंक घेऊन आले आणि बसल्या बसल्या त्यांच्या घट्ट सुरळ्या करून झडपांच्या फटींत खुपसू लागले. मराठी साहित्याचा इतका थेट उपयोग मंडळाने कधी केला नसेल. बाकीच्या पालकांनी "बाबूजी ने बिल्कुल ठीक किया" म्हणत आपापल्या बाकामागच्या फटीही भरून टाकल्या. एकाने तर जुनी चादर आणली.

त्या संध्याकाळी लतिका गॅलरीत चढली तर भाऊसाहेब झोपलेले. कानटोपी तिरकी झालेली, तोंड किंचित उघडं, बारीक घोरणं चाललेलं. ती पायरीवरच थांबली. तिचे डोळे भरून आले. वर्षभरात त्यांना असं झोपलेलं तिने पाहिलं नव्हतं. तिने आवाज न करता आपली शाल त्यांच्या गुडघ्यांवर टाकली, शेजारी बसली, आणि पाचेक मिनिटांत तीही झोपली.

त्यानंतर भाऊसाहेब दुपारपासूनच घड्याळाकडे बघायचे. "चला, निघायचं ना?" असं संपदालाच घाई करायचे. एवढा उत्साह तिच्या खेळाबद्दल नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलून दाखवत नव्हतं.

संपदाचा खेळ मात्र दिवाळीनंतर ढेपाळत चालला होता. सप्टेंबरमध्ये ती बॅचमध्ये पहिली होती. आता पहिला गेम जिंकायची, दुसऱ्यात पाय जड व्हायचे आणि तिसऱ्यात नुसती उभी राहायची. महिनाअखेरीला राज्याच्या संघासाठी निवड-सामने होते. चेतनाने लतिकाला बाजूला घेऊन सांगितलं, "मैडम, हाथ बहुत अच्छा है इसका. पर दम नहीं बचता. ऐसे तो पहले राउंड में निकल जाएगी."

लतिकाने घरी येऊन लेकीला फैलावर घेतलं. मोबाइल, जंक फूड, उशिरा झोपणं, सगळं काढलं. संपदा म्हणाली, "आई, यार, डोकं दुखतं तिथे. अजीब वाटतं. घुटन होते."

"बाकीच्यांना नाही होत ती? हिरवा आकडा असतो रोज. अख्ख्या फरीदाबादेत एवढी स्वच्छ हवा नाही. हे बघ, माझ्यात आता ताकद राहिली नाहीये संपदा. निवड झाली तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षी नववी, रॅकेट कपाटावर ठेवायची आणि अभ्यास करायचा. मला रोज इतकं नाही पळवत."

हे बोलताना तिला वाईट वाटलं, पण थोडं हलकंही वाटलं. खरं सांगायचं तर तिला ते संपायला हवं होतं. मेट्रो, हॉल, अंधारात ई-रिक्षा शोधणं, मग स्वयंपाक. संपदाने तिच्याकडे पाहिलं, भांडली नाही. तिला रॅकेटशिवाय दुसरं काही नको होतं आणि ते आईला माहीत आहे हेही तिला माहीत होतं.

ती एवढंच म्हणाली, "मी वर बघते ना खेळताना, तर सगळे झोपलेले असतात. तू पण, आजोबा पण. इतकं बोर असतं का गं माझं खेळणं?"

भाऊसाहेबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

पुढच्या रविवारी सकाळी हॉलवर लाइट गेली. कुठेतरी ट्रान्सफॉर्मर उडाला होता, आणि प्रदूषणामुळे त्या दिवसांत डिझेलचा जनरेटर लावायला बंदी. चेतना वैतागली. पोरं येऊन बसलेली. सराव बुडवायचा तर निवड तोंडावर. शेवटी तिने कारखान्याचा जुना सरकता दरवाजा दोघांच्या मदतीने ओढून सताड उघडला. उजेड आला आणि त्याच्याबरोबर धूरही. पालकांनी नाकाला रुमाल लावले. लतिकाने मनातल्या मनात दिल्लीला, हरियाणाला, वीजवाल्यांना आणि स्वतःच्या नशिबाला एका दमात शिव्या घातल्या. शटल वाऱ्याने वाहवत होतं, पोरं हसत होती, चेतना ओरडत होती.

आणि संपदा तीन गेम खेळली. बल्लभगढच्या ज्या मुलीकडून ती रोज हरायची, तिला तिने तिसऱ्या गेममध्ये हरवलं. शेवटच्या रॅलीत ती अशी काही पळाली की लतिका उभी राहून टाळ्या वाजवू लागली. आपण टाळ्या वाजवतो आहोत म्हणजे जागे आहोत, हे तिच्या डोक्यात आलंच नाही.

ते आलं परतताना. ई-रिक्षात भाऊसाहेब कुरकुरत होते. "आज काही डोळा लागला नाही बुवा. सगळी बैठकच बिघडली त्या दारामुळे."

"दारामुळे?" लतिका म्हणाली.

"नाहीतर काय. रोज कसं गरम, उबदार असतं. जरा कोंदट, पण झोप छान लागते."

"कोंदट म्हणजे?" संपदाने विचारलं.

"घुटन गं, घुटन," भाऊसाहेब म्हणाले आणि खोकले.

लतिकाला सकाळची गॅलरी आठवली. सेठीबाईही आज जाग्या होत्या. त्यांनी चक्क स्वेटरची एक बाही विणून संपवली होती. कोणीच कलंडलं नव्हतं. आणि जी मुलगी तिसऱ्या गेममध्ये मरगळते ती मरगळली नव्हती. थकलेल्या माणसाचं डोकं सावकाश चालतं, पण चालतं.

लतिकाच्या ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये कोविडनंतर एक छोटं यंत्र बसवलं होतं. धूळ मोजणारं नव्हे. माणसांनी सोडलेला श्वास खोलीत किती साचला ते दाखवणारं. आकडा हजाराच्या वर गेला की शिपाई खिडकी उघडायचा आणि साहेब म्हणायचे, "चलो, अब सब जाग जाओ." ती त्यांची ठरलेली कोटी होती. सोमवारी लतिकाने साहेबांना विचारून ते यंत्र एका दिवसासाठी घेतलं आणि डब्याच्या पिशवीतून हॉलवर नेलं.

दारावरच्या पाटीवर आकडा हिरवाच होता. गॅलरीत सगळे जमले, पोरं खेळायला लागली, लतिकाने यंत्र मांडीवर ठेवलं. आकडा हजारावर गेला, दोन हजारावर गेला. शेजारी भाऊसाहेब घोरू लागले. तिच्याही पापण्या मिटत होत्या, ती हाताला चिमटे काढत बसून राहिली. तीन हजार ओलांडले तेव्हा खाली संपदाचा तिसरा गेम चालू होता. ती कमरेवर हात ठेवून उभी होती आणि शटल तिच्या पुढ्यात पडत होतं. तिने एकदा वर पाहिलं. आई जागी दिसली म्हणून तिला आश्चर्य वाटलं असावं.

लतिका खाली उतरली आणि यंत्र चेतनाच्या हातात दिलं.

चेतनाने ते उलटसुलट करून पाहिलं. "पर धूल तो ज़ीरो है, मैडम."

"धूल की बात नहीं है. ये हमारी ही साँस है. अंदर ही अंदर घूम रही है. तुम्हारी मशीन धूल पकड़ती है, ये नहीं पकड़ती. बच्चों में दम कहाँ से बचेगा?"

चेतनाने यंत्र परत दिलं. मग भिंतीला टेकून म्हणाली, "बंद रखूँ तो ये. खोलूँ तो बाहर का ज़हर. पंखा चलाऊँ तो शटल उड़ता है. आप ही लोगों ने बोला था बंद करने को. दोनों हवा ख़राब है, मैडम. आप बता दो, बच्चों को कौन सी दूँ?"

लतिकाला तिचा राग आला नाही. आपणही तितकेच थकलोय, एवढंच वाटलं. गाळलेली ताजी हवा आत घेणारी मोठी व्यवस्था हवी, हे दोघींनाही कळत होतं. आणि शेडचा मालक त्यावर "देखेंगे" म्हणणार आणि कधीच बघणार नाही, हेही. शेवटी त्या एवढ्यावर आल्या की दोन गेमच्या मधे पोरांनी कोर्ट सोडलं की भिंतीतले मोठे पंखे लावायचे, खेळ सुरू झाला की बंद. वरच्या झडपा मोकळ्या करायच्या. थोडा धूर येईल तेवढा ती यंत्रं गाळतील.

"और एक बात," चेतना वर बघत म्हणाली. "वो जो तीस लोग ऊपर सोते हैं, साँस तो वो भी लेते हैं ना."

लतिकाने वर पाहिलं. बाकांवर माना टाकलेले, शाली ओढलेले, दिवसभर राबून पोरांसाठी धावत आलेले आईबाप. पोरं पळतात म्हणून त्यांचा श्वास जास्त, हे खरं. पण वरचे तीस जण काही श्वास रोखून बसले नव्हते. आपल्या पोरीच्या वाट्याची हवा आपणही रोज घेत होतो, तिच्यासाठी आलो असं म्हणत. आणि वर तिलाच झापत होतो की दम कसा नाही. तिला भिंतीला डोकं आपटून घ्यावंसं वाटलं, पण तेवढंही बळ नव्हतं.

चेतनाने वर जाऊन सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं तेव्हा गॅलरीत एकच गलका झाला. "बाहर कहाँ बैठें? बाहर मरना है क्या?" सेठीबाईंनी लतिकाकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तिने त्यांची झोप नव्हे, दागिने चोरले आहेत. एक गृहस्थ म्हणाले की हे असले आकडे कशावरही काढता येतात. लतिका समजावत राहिली, मग तिला बोलायचाच कंटाळा आला.

भाऊसाहेब जागे झाले होते. त्यांनी सगळं ऐकलं. कानटोपी नीट केली. मग उठून ते मागच्या भिंतीकडे वळले आणि आपण खुपसलेल्या सुरळ्या एकेक करून बाहेर ओढू लागले. धुळीने काळ्या झालेल्या, घट्ट बसलेल्या. काही निघेनात तर त्यांनी नखांनी उकरल्या. गार वारं आत आलं आणि त्यांच्या मानेवर लागलं. ते शहारले, पण थांबले नाहीत.

"भाऊसाहेब, राहू द्या, मी काढते," लतिका म्हणाली.

"मी भरल्या होत्या. मीच काढतो."

सगळ्या सुरळ्या काखेत मारून ते जिन्याकडे निघाले. लतिकाच्या शेजारी थांबून हळूच म्हणाले, "चल. बाहेर बसू."

"तुम्हाला झोप..."

"झोपेचं काय घेऊन बसलीस," ते म्हणाले आणि कठडा धरून सावकाश उतरू लागले.

म्हाताऱ्या माणसाला एकट्याने जाऊ कसं द्यायचं, म्हणून आणखी दोघंतिघं उठले. मग सेठीबाईही बडबडत उठल्या. सगळे काही उठले नाहीत. ते गृहस्थ मुद्दाम डोळे मिटून बसून राहिले.

बाहेर फाटकापाशी चहाची टपरी होती, तिच्या बाकावर लतिका आणि भाऊसाहेब बसले. मास्क लावलेले, पायांवर शाल, रस्त्यावरच्या दिव्याखाली पिवळा धूर. ट्रक जात होते. तिने तिरक्या नजरेने पाहिलं. ते टक्क जागे होते. आज रात्री सपाता पुन्हा वाजणार, आणि ती पुन्हा ऐकत पडणार. खोट्या हवेची का असेना, त्या माणसाला थोडी झोप मिळत होती आणि ती आपण काढून घेतली, असं तिला वाटत राहिलं. तिने त्यांच्या पायांवरची शाल वर ओढली.

आत संपदाचा दुसरा सामना लागला होता. पंख्यांची घरघर सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. ती दुसऱ्यांदा थांबली तेव्हा भाऊसाहेब उठले.

"तिसरा गेम असेल," ते म्हणाले.

हॉलच्या दाराला डोळ्यांच्या उंचीवर काचेची एक चौकट होती. भाऊसाहेब त्या काचेला जवळजवळ नाक लावून उभे राहिले. मास्कमुळे त्यांचा चष्मा धुरकटायचा, ते तो काढून शालीला पुसायचे आणि परत लावायचे. लतिका त्यांच्या मागे टाचा उंचावून उभी राहिली.

आत संपदा सर्व्हिस करायला उभी होती. सवयीने तिने वर गॅलरीकडे पाहिलं. त्यांचा बाक रिकामा होता. तिचा चेहरा पडला. तो पडलेला लतिकाला एवढ्या दुरून दिसला. तिने काचेवर बोटाने टकटक केली, पण आत ऐकू जाणं शक्य नव्हतं. भाऊसाहेबांनी डोक्यावरची कानटोपी ओढून काढली आणि काचेसमोर हात उंच करून ती हलवू लागले. उघड्या कानांवर गार वारं लागत होतं. त्यांना त्याचं भान नव्हतं.

संपदाने वळून दाराकडे पाहिलं. जरा वेळ बघतच राहिली. मग शटल उचललं.

ती जिंकली नाही. पण शेवटच्या गुणापर्यंत पळत होती.

"अगं, ही इतकी छान खेळते?" भाऊसाहेब म्हणाले. "मला कोणी सांगितलं कसं नाही?"